सगळे 'एक' एकाच खोक्यात

माझ्या धाकट्या बहिणीचा दुसरा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या घरात त्याला कोणी नावाने हाक मारत नाही. बहीण 'अहो' म्हणते. मी पाठीमागे 'लिफ्टवाला' म्हणते आणि तोंडावर काही न म्हणता भागवते. माझी भाची, म्हणजे बहिणीच्या पहिल्या नवऱ्याची मुलगी, त्याच्याकडे न बघता आईला 'त्यांना सांग' म्हणते, मग तो पुढ्यात बसलेला का असेना.

माणूस दिसायला आडवा आहे, आणि कायम दमलेला. हात कितीही धुतले तरी नखांत ग्रीस राहतंच. जेवायला बसला की फोन वाजतो, कुठल्यातरी इमारतीत कोणीतरी अडकलेलं असतं, आणि हा ताटावर झाकण ठेवून उठतो. एकदा मी त्याला विचारलं, की तुम्ही पोचेपर्यंत आतला माणूस करतो काय. तर म्हणाला, घाबरतो. बाहेरून चार जण 'घाबरू नका, घाबरू नका' ओरडत असतात, त्याने अजून घाबरतो. हा गेला की आधी दाराशी फरशीवर बसतो आणि आतल्याला साधं काहीतरी विचारतो. कुठे निघाला होता, पिशवीत काय आहे, भाजी काय भावाने मिळाली. आतला माणूस बोलायला लागला की मग हा अवजारांची पेटी उघडतो. मी त्या वेळी मनात म्हटलं, गप्पा मारायचेही पैसे मिळतात म्हणायचे. माझी जीभ अशीच आहे.

मी त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एका खोलीत राहते. लोकांचे कपडे अल्टर करते. अर्धी खोली दुसऱ्यांच्या पँटी आणि कोटांनी भरलेली असते, उरलेल्या अर्ध्यात मी, मशीन आणि एक जादा खाट. या खाटेवरच पुढचं सगळं अडलं होतं.

आधी भाचीच्या बाबाबद्दल सांगते. तो औषधांच्या गोदामात नोकरीला होता आणि कॉमिक्सचा वेडा होता. म्हणजे थोडाथोडका नाही. 'पहारा' नावाची एक मालिका होती. त्यात शहराची राखण करणारी मंडळी, कोणी उडतो, कोणी आग ओकतो, कोणी भिंतीतून आरपार जातो. बाबा शाळेत असल्यापासून ती वाचायचा आणि लग्न, नोकरी, मुलगी सगळं झालं तरी वाचतच राहिला. त्याचे तीन-चार दोस्त होते, तेही तसलेच. सुट्टीच्या दिवशी जमायचे आणि भावकीत जमिनीवरून भांडावं तसे भांडायचे. भांडणाचा विषय काय, तर पहाऱ्यातून अमक्याला का काढलं, तमक्याला का घेतलं.

आणि त्यांचा खरा राग होता पाटी पुसण्यावर. ते छापणारे लोक दर काही वर्षांनी सांगायचे, आतापर्यंतचं सगळं विसरा, आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करतोय. की अंकावर परत आकडा 'एक'. जे मेले ते जिवंत, ज्यांची लग्नं झाली ते बिनलग्नाचे, आणि पहाऱ्यातली निम्मी मंडळी नवीन. बाबा आणि कंपनी याला 'पाटी पुसली' म्हणायचे. मग त्यांची बैठक बसायची आणि ठरायचं, की यातलं काय धरायचं आणि काय नाही धरायचं. लहानपणी खेळताना पोरं भांडतात ना, 'हे धरायचं नाही हं', अगदी तसं. चाळिशीचे बाप्ये. मी चहाचे कप उचलायला गेले की कानावर पडायचं आणि कपाळावर हात मारून घ्यायचे.

भाची त्या बैठकीत बाबाच्या मांडीवर बसून मोठी झाली. सापडेल ते वाचायला गोळा करायची म्हणून बाबाने तिचं नाव ठेवलं खारू. तिला बाराखडी यायच्या आधी पहाऱ्याच्या मूळ मंडळींची नावं येत होती.

मग बाबा गेला. गोदामात काम करता करता बसला तो उठलाच नाही. खारू तेव्हा शाळेच्या मधल्या वर्गात होती. मी तिला शाळेतून आणायला गेले होते, आणि त्या रस्त्याबद्दल मला अजूनही बोलवत नाही.

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. बाबा गेला आणि खारूच्या तोंडी तो दिवसेंदिवस मोठा होत गेला. त्यात एक गोष्ट ती छातीठोक सांगायची, की बाबांनी फक्त मूळचा पहारा मानला. पहिल्यांदा पाटी पुसल्यावर त्यांनी वाचणं सोडलं. नंतरचे सगळे नकली. निखारा म्हणून मूळ पहाऱ्याचा म्होरक्या होता, तो मेल्यावर त्याचा मुखवटा दुसऱ्याच कोणीतरी चढवला आणि निखारा म्हणूनच मिरवू लागला. खारूला त्या दुसऱ्याचं चित्र दिसलं तरी ती पान उलटायची.

त्यात बहिणीने लग्न केलं. मी तिला दोष देत नाही. एकटीने पोर वाढवून ती थकली होती, आणि हा माणूस तिच्या ऑफिसची लिफ्ट दुरुस्त करायला यायचा आणि कमी बोलायचा. पण खारूच्या दृष्टीने काय झालं असेल ते सांगायला नको. पहिल्याच आठवड्यात तिने आईला तोंडावर सांगितलं, "तुझं हे लग्न मी धरत नाही." बहीण माझ्याकडे येऊन रडली. लिफ्टवाल्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, ठीक आहे. त्याचं सगळ्यालाच ठीक आहे असतं. मला त्याचा राग यायचा, की अरे माणसा, एकदा तरी आवाज चढव.

असं दीड-दोन वर्षं चाललं. पालथ्या घड्यावर पाणी. मग मोठ्या परीक्षेच्या वर्षी खारूने जाहीर केलं, की परीक्षा संपली की मी मावशीकडे राहायला जाणार. वरच्या मजल्यावर. जादा खाटेवर. बाबांच्या कॉमिक्ससकट. बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार? पोरगी माझा जीव की प्राण. पण ती एकदा वर आली की खाली परत जाणार नाही, आणि बहिणीचं घर तुटलं ते माझ्या खाटेपायी असं होणार, हेही मला दिसत होतं. नाही म्हटलं तर पोर तुटते, हो म्हटलं तर बहीण. मी मूग गिळून बसले आणि एका रविवारी खाटेवरच्या पँटी उचलून कपाटात कोंबल्या. म्हणजे हो म्हटल्यासारखंच झालं.

अभ्यासासाठी खारू आत्याकडे राहायला गेली. ती तिकडे असताना इथे भिंतीतला पाइप फुटला. फुटला तो नेमका तिच्या खोलीतल्या कपाटामागे, आणि कपाटाच्या तळाशी बाबाची खोकी. लिफ्टवाल्याने कामावरून येऊन बूटही न काढता ती सगळी बाहेर ओढली. पुढचे दोन दिवस त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. दोऱ्या बांधून त्यांवर कॉमिक्स वाळत घातली होती, पंखा चालू, आणि हा खाली बसून एकेक पान सोडवतोय. ओल जरा लागलीच होती, पण फाटलं असं काही नाही. मग त्याने भिंतीवर उंच मांडणी ठोकली, नवी खोकी आणली आणि सगळं नीट लावून ठेवलं.

लावता लावता वाचायलाही लागला. जिन्यात भेटला की डोळे चोळत असायचा. एकदा मी विचारलं, कसं वाटतंय. खालच्या पायरीवर टेकून म्हणाला, "ताई, खरं सांगू? मला यातलं काहीच आवडत नाही. माणसं एका अंकात मरतात, पुढच्यात जिवंत. का, ते कोणी सांगत नाही. मला वाटतं, मलाच कळत नसेल." मी म्हटलं, मग वाचता कशाला. तर म्हणाला, तिला बोलायला कोणी नाही ना यावर. आणि गुडघ्यावर हात ठेवून उठला.

मला त्या दिवशी त्याची पहिल्यांदा कीव आली. पण त्याने काय करून ठेवलंय ते तेव्हा मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी काय कळणार होतं म्हणा. मी पँटी उसवणारी बाई.

परीक्षा संपली आणि खारू आली ती सामान बांधायलाच. दुपारची वेळ. बहीण स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत होती. मी पिशव्या घेऊन उभी होते. लिफ्टवाला सुट्टी असून बाहेरच्या खोलीत शर्ट घालून ताठ बसला होता, बोलावणं आल्यासारखा. खारू खोलीत गेली. मांडणी बघून जरा थांबली, मग एक खोकं खाली काढलं. मग दुसरं. मग आतून असा आवाज आला की मी पिशव्या टाकून धावले, मागोमाग बहीण.

झालं होतं असं. लिफ्टवाल्याने सगळी कॉमिक्स आकड्यांनी लावली होती. साधा हिशोबी माणूस, अंकावर आकडा आहे, आकड्याने लावायचं. पाटी दर वेळी पुसली की पुन्हा एकपासून सुरू होतं, हे त्याला कोण सांगणार? त्याने बाबाच्या शाळेपासूनचे सगळे 'एक' एका खोक्यात घातले. सगळे 'दोन' त्यामागे. सगळे 'तीन' त्यामागे. मूळचा पहारा, त्यानंतरचा, त्याच्याही नंतरचा, सगळ्यांची मिसळ झालेली. बाबाने ती मंडळींप्रमाणे लावली होती, कोण कोणाबरोबर होतं त्याप्रमाणे. ती त्याची रचना, त्याच्या हातची, तेवढीच उरलेली. आणि ती गेली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बिचाऱ्याने चांगलं करायला जावं आणि नेमकं तेच मोडावं, जे पुन्हा कोणाला जुळवता येणार नाही. खारूने आम्हा दोघींना बाहेर काढलं, दार लावलं आणि आतून कडी घातली. बहीण दार ठोठावायला लागली, "अगं, तू घाबरू नकोस, आपण लावू परत." मीही दोन वेळा रागावून पाहिलं. मग बहीण नवऱ्यावर उलटली, की कोणी सांगितलं होतं हात लावायला. तो उठला, आला, आणि दाराला टेकून फरशीवर बसला. गुडघे वाजले ते मला ऐकू आले.

त्याने आम्हाला हातानेच गप्प बसायला सांगितलं. मला वाटलं, आता माफी मागेल. तर हा गृहस्थ दाराला म्हणतो कसा, "हमाल कुठे गेला?"

आत हुंदके चालूच.

"तो पाठीवर पूल उचलतो तो. बाकी काही येत नाही त्याला, फक्त उचलतो. काही अंकांत आहे, काहींत दिसतच नाही. मेला का?"

मी बहिणीकडे बघितलं. पोर आत रडतेय आणि हा कोणत्या हमालाची चौकशी करतोय. पण आतला हुंदका थांबला. आणि मग खारूचा आवाज आला, त्याच्याशी, सरळ त्याच्याशी, दोन वर्षांत पहिल्यांदा. "मेला नाही. पुसला."

"पुसला म्हणजे?"

"म्हणजे पाटी पुसली तेव्हा त्याला नव्याने घेतलाच नाही. म्हणजे तो कधी नव्हताच. कोणाला आठवत पण नाही."

लिफ्टवाला यावर विचार करत राहिला. त्याचा चेहरा मला दिसत होता, खरंच विचार करत होता. मग म्हणाला, हे काही बरोबर नाही. त्याला म्हणे हमालच तेवढा पटला होता. तो नंतर आलेला, कोणाचा मुखवटा न घालता स्वतःच्या नावाने आलेला. दुसऱ्याचा मुखवटा घालून निखारा म्हणवून घेणारा तो जो आहे, तो याला आवडला नव्हता. खारू आतून फणकारली, की हमाल कोणालाच आवडायचा नाही, तो उगाच भरती केलेला, बाबा तर त्याला शिव्या द्यायचे.

"देत असतील," लिफ्टवाला म्हणाला. "पण त्याचे अंक सगळ्यात जास्त हाताळलेत. पानांवर चहाचे डाग आहेत. नंतरचे, किंमत वाढलेले, सगळेच तसे आहेत, अगदी शेवटच्या अंकापर्यंत. मूळचे, जुन्या किमतीचे, आहेत ते कोरे, जपून ठेवलेले."

इथे मला राहवलं नाही. मी दाराजवळ गेले आणि म्हटलं, "खारू, हे खरं आहे गं. तुझा बाबा प्रत्येक वेळी शपथ घ्यायचा, की आता वाचणं बंद. आणि नवा 'एक' आला की सगळ्यात आधी दुकानात हाच. घरी येऊन दोस्तांबरोबर शिव्या घालत वाचायचा. त्याने कधीच सोडलं नव्हतं." मी हे तिला आधी का सांगितलं नाही, तर पोरीच्या मनातला बाबा हलवायची माझी छाती झाली नव्हती.

मग दाराच्या अगदी जवळून, खालून, म्हणजे तीही पलीकडे फरशीवर बसली असणार, खारू म्हणाली, "तुम्हाला धरलं ना, तर बाबा पुसले जातील."

आम्ही दोघी बायका दोन वर्षं रुसवा समजत होतो, शिंगं फुटली म्हणत होतो. आणि ही पोर एकटी पहाऱ्याला उभी होती. मला स्वतःचीच लाज वाटली.

लिफ्टवाला नेहमीच्या त्या दमलेल्या आवाजात म्हणाला, "मला यातलं फार कळत नाही. पण नवा 'एक' छापला म्हणून जुने अंक कोणी घरी येऊन परत मागत नाही ना? ते खोक्यात आहेत. मीच वाळवलेत. चुकीचे लावले असतील, पण आहेत सगळे. एकही गेलेला नाही." मग म्हणाला, "आणि मला मुखवटा नकोय. हमाल म्हटलंस तरी चालेल."

कडी निघाली. खारूचे डोळे सुजले होते. ती त्याच्या गळ्यात वगैरे पडली नाही, आमची खारू तसली नाही. ती त्याच्याकडे, त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "सगळे 'एक' एका खोक्यात कोण ठेवतं?"

"मी," तो म्हणाला.

मग दोघांनी सगळी खोकी बाहेरच्या खोलीत रिकामी केली. ती बसून सांगत होती, हा याच्याबरोबर, हा त्याच्या आधी, आणि तो उचलून देत होता. मध्ये त्याचा फोन वाजला. कुठेतरी लिफ्ट अडकली होती. तो उठला, गेला, आणि तो परत येईपर्यंत खारू तशीच पसाऱ्यात बसून राहिली. पुढचं लावलं नाही. बहिणीने त्याच्या ताटावर झाकण ठेवलं.

सगळं लागल्यावर एक खोकं रिकामं उरलं. तो ते मोडून घडी करायला निघाला तर खारूने त्याच्या हातातून काढून घेतलं आणि मांडणीवर शेवटी ठेवलं. कशाला, म्हणून त्याने विचारलं.

"पुढचे येणार ना. परत पाटी पुसणार आहेत म्हणे, नवी मंडळी घेणार आहेत." मग जरा अडखळून, "तुम्ही वाचणार ना?"

मी रिकाम्या पिशव्या पुन्हा उचलून दारात उभी होते. जिन्यात त्याने मला काय सांगितलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली.

"हे संपतं कधी?" त्याने विचारलं.

"संपत नाही," खारू म्हणाली.

त्याने डोळे चोळले, भिंतीला पाठ टेकली. "बरं," म्हणाला.

मी वर आले आणि कपाटातल्या पँटी काढून पुन्हा खाटेवर टाकल्या.